बारावं कलम

"इथे सही, मागच्या पानावर सही, आणि शेवटी हा चौकोन आहे ना, त्यात सही," एजंट म्हणाला आणि टोपण काढून त्यानं पेन नातीच्या हातात दिलं.

पेन कागदाला टेकायच्या आत आजीनं पिशवीतून दोन जाडजूड पुस्तकं काढून टेबलावर आपटली. चहाचा कप उडाला, एजंटही उडाला. चाळीस वर्षं लोकांचे कोट उसवून पुन्हा शिवणाऱ्या बाईचा हात तो, जड असायचाच.

"मावशी, हे काय?"

"मावशी कुणाची? तुझ्या आईला बहीण असती तर तिनं तुला चार गोष्टी शिकवल्या असत्या. हे कोश आहेत. एक अरबीतून इंग्रजीत उतरवतो, दुसरा इंग्रजीतून आपल्या भाषेत. तुझ्या करारात डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. डावीकडे कलमं अकरा, उजवीकडे बारा. हे बारावं कुणाचं पोर?"

"अहो, अकरावंच दोन तुकड्यांत छापलंय. मजकूर दोन्हीकडे एकच. बारा वर्षं काढलीत मी तिकडे. अरबी मला पाण्यासारखी येते."

"आजी, पुरे ना," नात ओठांतल्या ओठांत म्हणाली. नर्सची नोकरी होती, परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलात. "बाहेर सहा जणी बसल्यात. माझी जागा जाईल."

"घरी सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस? आजी, तुला काय कळतं. बरोबर आहे, चौथीत शाळा सुटली माझी. मग ज्याला कळतं त्यालाच विचारू." आजीनं बाराव्या कलमाच्या पहिल्या शब्दावर नख रोवलं. "पाण्यासारखी येते ना? हा एवढा एक शब्द या कोशात शोधून दाखव. अर्थ सरळ निघाला तर मी स्वतः हिचा हात धरून सही करवते."

एजंट हसला. म्हाताऱ्या माणसांपुढे हसतात तसा. कोश पुढे ओढून त्यानं शब्दाचं पहिलं अक्षर पाहिलं. ते त्यांच्या मुळाक्षरांत सगळ्यात शेवटी येतं, म्हणून त्यानं थेट शेवटची पानं धरली. बोटाला थुंकी लावून एक पान उलटलं, मग दुसरं. वरून खाली गेला, खालून वर आला. हसू कुठेतरी वाटेतच सांडलं.

"यात छापलेलाच नाही. कुठल्या रद्दीतून उचललात?"

आजी बघत राहिली. महिन्यापूर्वी तीही याच शेवटच्या पानांत अडकली होती, आणि कोट आखूड करायला आलेल्या अरबीच्या मास्तरीणबाईंनी हसून तिला वाट दाखवली होती. फरक इतकाच, की ती तेव्हा कुणाच्या पोरीची सही मागत नव्हती.

"बारा वर्षं," ती म्हणाली. "बारा वर्षांत गाढवसुद्धा घर ओळखतं. ऐक. इंग्रजीत शब्द रांगेत उभे असतात. पहिलं अक्षर धरलं, मग दुसरं, की सापडला. अरबीत ते घराण्यानं बसतात, आणि घराणं कळायचं तर आधी अंगावरचा कोट उसवावा लागतो. ही पुढची पट्टी काढ, म्हणजे पहिलं अक्षर. हा मधे घातलेला तुकडा काढ. उरली तीन अक्षरं. त्या तिघांच्या घरात जा."

तिनं कोश हिसकावला, सुरुवातीकडची पानं उलटली आणि टाचणीनं टोचल्यासारखं बोट एका ओळीवर ठेवलं. "हा बघ बसलाय. पुढचं इंग्रजी वाच. ते तरी येतं ना?"

एजंट वाचेना. नातीनं वाचलं. "टू रिटेन."

"दुसऱ्या कोशात बघ. तो रांगेतला आहे."

नातीनं रांग धरली. पानं उलटताना तिचा वेग कमी होत गेला. "आपल्याजवळ ठेवून घेणे."

"पुढची ओळ मी घरीच उसवून आलेय. मालक. पासपोर्ट. करार संपेपर्यंत."

"अहो, ते सुरक्षिततेसाठी!" एजंटचा आवाज चढला. "परक्या मुलखात हरवला तर? सगळेच ठेवतात."

"मघाशी अकरावं कलम होतं ते. आता सगळेच ठेवतात झालं?" आजीनं चष्मा काढून त्याच्याकडे रोखून पाहिलं. "सुरक्षित म्हणे. कुलूप घालून कोंडलेली सूनही सुरक्षितच असते."

दारात बाकावरची एक मुलगी येऊन उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिनं मोबाइल पुढे केला. त्यावर कागदाचा फोटो होता, असाच दोन भाषांतला.

"माझी ताई गेली गेल्या महिन्यात. इथूनच. म्हणते, परत यायचंय. का येत नाहीस विचारलं की गप्प बसते. यातलं बारावं बघाल का, आजी?"

आजीनं चष्मा पुन्हा चढवला.

एजंटनं कोश मिटायला हात पुढे केला. आजीनं त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

नातीनं पेनाला टोपण लावलं. उठून आपली खुर्ची त्या मुलीला दिली आणि अरबी कोश तिच्यासमोर ओढला.

"आधी पुढची पट्टी काढ," ती म्हणाली.