बाहुली की घोडा

"उद्या कुस्कोच्या बाजारात तुम्हीच बोला, आई. मी नुसते पाव काढून देईन," नेलिदा म्हणाली.

"ते बघू. पीठ घे," तिची सासू इलारिया म्हणाली.

मृतांचा सण तोंडावर आला होता. मुलींना पावाची बाहुली, मुलांना पावाचा घोडा. गावच्या भट्टीपुढे बायकांची रांग लागली होती. गेल्या वर्षी नेलिदाने कुस्कोच्या चौकात स्पॅनिश शब्दांना पुल्लिंगी 'एल' आणि स्त्रीलिंगी 'ला' उलटेच लावले. गिऱ्हाइकं हसली. मग ती दिवसभर तोंड मिटून बसली आणि निम्मे पाव घरी परत आले.

त्यांच्या क्वेचुआ भाषेत टेबल ना बाई ना बाप्या. स्पॅनिशमध्ये कुणालाच सुटका नाही.

"बोलू नकोस, नुसतं वळ," इलारिया म्हणाली. ती स्वतः म्हातारपणी बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. "'ला' असेल तर बाहुली, 'एल' असेल तर घोडा. मेसा."

मेसा म्हणजे टेबल. नेलिदाने बाहुली वळली.

"सोल."

सूर्य. घोडा झाला.

शब्द भराभर पडू लागले. फळी भरत गेली. नेलिदाचा हात कुठे अडला नाही.

भट्टीत लाकडं सारणारा धाकटा दीर फेर्मिन म्हणाला, "वहिनीचे हात हुशार आहेत. पण गिऱ्हाईक काय हातांशी बोलणार?"

"तू तुझा धूर सांभाळ," इलारिया म्हणाली. "मानो."

मानो म्हणजे हात. नेलिदाने बाहुली वळली.

"घोडा कर. शेवटी 'ओ' आला की घोडाच." इलारियाने बाहुली चेपून तिचा गोळा केला.

नेलिदा गोळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाहुलीच."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. ला मानो."

"ऐकू नाही आलं."

"ला मानो."

हे इतक्या मोठ्यांदा आलं की रांगेतल्या बायका वळल्या. एक जण फिसकन हसली. नेलिदाने तिच्याकडे सरळ बघितलं.

"ला मानो. खोटं वाटत असेल तर जा, वर्गाच्या बाईंना विचारून ये."

आणि तिने सासूच्या हातातला गोळा काढून घेतला, पुन्हा बाहुली वळली, तोंडाच्या जागी प्लास्टरचा चिमुकला मुखवटा दाबून बसवला.

इलारियाने हातावरचं पीठ झटकलं.

"फेर्मिन, ट्रकवाल्याला सांगून ये," ती म्हणाली. "उद्या एकच जागा धर म्हणावं, वहिनीपुरती."