चोविसावा फ्लॅट

खेडबाहेरच्या सड्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीतले तेवीस फ्लॅट दर्शनने हां हां म्हणता मुंबईकरांना विकले होते. हायवे पुरा झाला की भाव दुप्पट, एवढं सांगितलं की गिऱ्हाईक सही करून मोकळं. राहायला मात्र एकही कुटुंब आलं नव्हतं. तेवीसही किल्ल्या एजंट म्हणून दर्शनच्याच खिशात खुळखुळत होत्या. आज चोविसावा फ्लॅट बघायला निवृत्त नर्स मालनबाई आल्या होत्या.

"मला गुंतवणूक नकोय, राहायला घर हवंय," त्यांनी बजावलं. "शेजार असेल तरच घेईन."

नेमका तेव्हाच जमिनीचा जुना मालक भिकाजी गेटपाशी जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवत होता. जमीन विकली तरी वर्षाची राखण द्यायला तो चुकत नसे. पूर्वी इथे त्यांची वाडी होती. भिकाजीने गाऱ्हाणं घातलं की अख्खी वाडी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायची. आता वाडीतली निम्मी माणसं मुंबईला होती आणि निम्मी देवाघरी.

"ह्या घरात मान्सं नांदू दे रे म्हाराजा," भिकाजीने हात जोडले. गिऱ्हाइकासमोर साथ द्यायची दर्शनला लाज वाटली.

"व्हय म्हाराजा," चारही मजल्यांवरून एका सुरात आवाज आला. त्यात म्हातारी माणसं होती, बायकापोरं होती.

दर्शनने खिशातल्या किल्ल्या घट्ट धरल्या. मालनबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.


"शेजार अगदी भरलेला आहे हो. लिहा माझं नाव."