पूर्वेकडे पाय

ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं तोक्योतल्या पलटणी ताठ व्हायच्या, ते सेनापती तोरा कुनिशी बऱ्याच वर्षांनी गावी, आईकडे आले. दुपारी भात-मासा खाऊन त्यांचे डोळे जड झाले. म्हातारीनं अंथरूण घातलं, पाय पूर्वेकडे येतील असं. चोश्यू प्रांतात पोरांना असंच झोपवत. पूर्वेला तोक्यो, म्हणजे तेव्हाचं एदो, आणि तिथल्या किल्ल्यात शोगुन, सम्राटांच्या नावानं देश चालवणारा सरसेनापती. त्याच्या घराण्यानं चोश्यूचा निम्माअधिक मुलूख गिळला होता, म्हणून झोपेत का होईना, त्याच्या तोंडावर पाय. तशी झोपलेली पोरं मोठी झाली आणि त्यांनी शोगुनला खाली ओढलं.

कुनिशींनी गुपचूप उशी फिरवली.

"हे काय रे, तोरा?"

"आई, आता त्या किल्ल्यात सम्राट राहतात. त्यांच्याकडे पाय कसे करायचे?"

"खरंच की." म्हातारी उशीकडे बघत राहिली. "शेजारच्या कोहेईला भर लावणीत शेतातून उचलून पलटणीत नेला. तो हुकूम सम्राटांचाच का रे?"

"शिक्का त्यांचा. हुकूम आमचा." कुनिशींची छाती फुगली. "सैन्य आपलं, मंत्री आपले. आम्ही चोश्यूचे चौघं तोक्योत बसतो आणि ठरवतो. बाकीच्यांनी मान हलवायची."

म्हातारीनं शेजारी स्वतःचं अंथरूण घातलं आणि पूर्वेकडे पाय ताणून आडवी झाली.

"आई, अगं पाय!"

"सम्राटांना सांग, गैरसमज नको," डोळे मिटत ती म्हणाली. "पाय तुम्हा चौघांकडे आहेत."