बुबुळावरचं फूल

वैद्यकीय महाविद्यालयातल्या नव्या नेत्रसंशोधन केंद्रात बायकोच्या तसबिरीवरचा पडदा हणमंतरावांनीच ओढला. टाळ्या वाजल्या, पण त्यांचा हात दोरीवरच राहिला. तसबिरीतली इंदू काळ्याभोर डोळ्यांनी हसत होती.

"ही कोण?"

"आमच्या फोटोवाल्यानं डोळे नीट केले, काका," अधिष्ठाता कौतुकानं म्हणाले. "देणगीदाराचा फोटो कसा प्रसन्न हवा!"

"वीस वर्षं तिच्या बुबुळांवर फूल होतं, तुम्ही घटकेत बरी केलीत होय! मरताना हातातल्या पाटल्यासुद्धा संशोधनाला देऊन गेली ती."

हणमंतरावांनी तसबीर खिळ्यावरून उतरवली आणि खिशातला जुना फोटो अधिष्ठात्यांच्या हातात कोंबला. त्यात इंदूची दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी होती.

"ही लावा भिंतीला. पाटल्या डोळ्यातलं फूल काढायला दिल्यात, फोटोतलं नव्हे!"