कुशीतला डबा

युकॉन नदी गोठली की सोने शोधणाऱ्या आमच्या छावणीत खमिराचा डबा माणसाच्या कुशीत निजत असे. खमीर गोठून मेले, तर वसंतापर्यंत पाव नाही. माझा भागीदार इव्हर ज्वराने फणफणला होता, म्हणून त्या संध्याकाळी मी डबा त्याच्याच छातीशी ठेवला. “तुझा ताप तरी कामी येऊ दे, म्हाताऱ्या!” “खमिराइतकं मला जपलं असतंस, तर तुझ्याशी लग्नच लावलं असतं,” इव्हर धापा टाकत म्हणाला. शेजारचा डफी खदखदून हसला. सकाळी चूल पेटवून मी इव्हरच्या पांघरुणात हात घातला. डबा पाषाणवत् गोठला होता. मी तो उचलून स्वतःच्या सदऱ्याखाली धरला आणि तसाच बसून राहिलो. दाराशी डफीची हाक आली: “रात्रीच्या जाळानं खाणीतली गोठलेली माती सैलावली रे, उतरतोस ना?” “आज नाही. खमीर गोठलंय.” डफीने टोपी काढली.