टाकांची अंघोळ

पाथर्डी फाट्याला एका शोरूमच्या वर शुभ्रमार्ग नावाच्या पंथाचा हॉल उघडला, आणि उज्वला दर गुरुवारी पांढरी साडी नेसून तिथे जाऊ लागली. धातूचे देव माणसाला मागे ओढतात, असं तिथल्या दीदी सांगत. सासूबाई महिनाभर लेकीकडे निफाडला गेल्या, तेव्हा उज्वलाने देव्हाऱ्यातले चांदीचे पाचही टाक हॉलवर देऊन टाकले. चार कुलदेवतांचे, पाचवा सासऱ्यांचा. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करायची या घरची रीत होती.

सासूबाई, चतुराबाई, परतल्या. त्यांना आता दिसत नसे. देव त्या हातानेच ओळखत. सकाळी त्या पूजेला बसल्या, तेव्हा उज्वला ओट्याशी मान खाली घालून उभी राहिली.

ताम्हणात टाक वाजला. मग दुसरा. असे पाच.

तिने वाकून पाहिलं. ताम्हणात नुसतं पाणी होतं, आणि सासूबाईंची बोटं मायेने काहीतरी चोळत होती.

"माझ्या माघारी देव लय चांगले ठेवलेस गं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रोज पाच आवाज येत, रोज तेच कौतुक होई, आणि उज्वलाला मेल्याहून मेल्यासारखं होई. खरं सांगायला तोंडच उघडत नसे.

आज सहा आवाज आले.

"उज्वला, हा नवा टाक कुणाचा गं? बाईमाणसाचा हाय." चतुराबाईंचा ओला अंगठा हवेतच, न दिसणाऱ्या टाकाच्या कपाळावरून नाकाकडे सरकला.

ओट्याशी उभ्या उज्वलाच्या नाकावरून गार पाणी ओघळलं.