नावाचा रकाना

"हे रजिस्टर वाचायले मिळते, लिवायले नाई," शालिकरामानं सवयीनं सांगितलं. चांदूर बाजारच्या चतुराबाईनं तहसीलदाराच्या सहीचा कागद त्याच्या नाकापुढं धरला.

अमरावतीच्या कचेरीतला तो रेकॉर्ड कीपर. वर्ष सरलं की जन्माचं रजिस्टर फडक्यात बांधायचं, गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा. मग साहेबाच्या हुकमाशिवाय त्यात शाईचा ठिपका पडायचा नाही.

चतुराबाईच्या लेकाची नोंद बारशाआधीच झाली होती, म्हणून नाव कोरं. ते भरायला हुकूम हवा, शिवाय जन्माच्या वेळचे दोन साक्षीदार. तिनं दीर आणला होता, आणि ऐंशीची सुईण पार्बताबाई.

"पोळ्याच्या दिवशी झाला पोट्टा," दीर मोतीराम म्हणाला.

"तुले काय ठावं? तू बैल सजवून राह्यला व्हता," पार्बताबाई खेकसली. "तान्ह्या पोळ्याले झाला."

शालिकरामानं लाख फोडली. तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, तान्ह्या पोळ्याचीच निघाली. त्यानं 'ओमप्रकाश' लिहिलं, अंगठे घेतले, गाठ मारली आणि लाख तापवायला घेतली.

"तुह्या कागदाचं काय झालं?" पार्बताबाईनं विचारलं. "भाईर चपराशी सांगून राह्यला व्हता."

बाहेर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पेन्शन तोंडावर आली होती, तिला जन्माचा दाखला लागायचा आणि शालिकरामाच्या स्वतःच्या नोंदीतही नाव कोरं होतं. हुकूम दोन महिने खिशात पडून होता. साक्षीदार मात्र एकूणएक मृत्यूच्या रजिस्टरात जाऊन बसले होते.

"मी लावतो आंगठा," पार्बताबाई म्हणाली. "इतक्यायच्या नाळा कापल्या, त्यात तुही एक."

मोतीरामानंही अंगठा पुढं केला. तो शालिकरामाहून दहा वर्षांनी लहान होता.

"तुमी मले पाह्यलं नाई, माय."

"ज्यायनं पाह्यलं ते येऊन राह्यले का आता?"

चाळीस वर्षं शालिकरामानं असल्या साक्षी दारातूनच परत धाडल्या होत्या. त्यानं लाखेवर शिक्का दाबला. "खोटी साक्ष चालत नाई."

"बरं बापा. घरी माय काय म्हनून हाका मारे तुले?"

"दगडू," तो म्हणाला.

पार्बताबाईनं मान हलवली. चतुराबाई मोटारीची घाई करत दोघांना घेऊन गेली.

दार लोटून त्यानं मायचं ते 'दगडू' एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. कोणी ओ दिली नाही.